घराची किंमत उतरते तेव्हां



शाळेंत व्याजाचीं गणितें शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. मुद्दल, दर आणि मुदत एवढें दिलें कीं उत्तर पुस्तकाच्या शेवटीं तयार असे. पण गहाण घराची किंमतच मध्यें उतरली तर काय, हा प्रश्न मीं मुलांना कधीं घातला नाहीं. तो आतिफ मियां व अमीर सूफी या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं घातला. अमेरिकेंतील २००७ ते २००९ च्या मंदीचा शोध घेऊन त्यांनीं २०१४ सालीं ‘हाउस ऑफ डेट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

सबंध देशाच्या सरासरीवर न विसंबतां त्यांनीं टपालाच्या एकेका विभागाचे आंकडे तपासले. २००२ ते २००५ या काळांत, जेथील लोकांना पूर्वीं कर्ज सहसा मिळत नसे, तेथेंच गृहकर्जें वेगानें वाढलीं. उत्पन्न मात्र इतरांच्या मानानें मागें पडत होतें. कर्ज सर्वच थरांत वाढलें होतें, असा कांहीं पंडितांचा आक्षेप आहे. पण पुढील हिशेबाला त्यानें बाध येत नाहीं. २००० ते २००७ या सात वर्षांत अमेरिकन कुटुंबांवरील कर्ज दुप्पट होऊन सुमारें १४ लाख कोटि डॉलर झालें.

आतां एक तोंडचें गणित करूं. घर १,००,००० डॉलरांचें. पदरचे २०,०००, कर्जाचे ८०,०००. किंमत शेंकडा २० उतरली. घर विकून धनकोचे ८०,००० पुरे वसूल होतात. ऋणकोचे मात्र वीसच्या वीस हजार बुडतात. घर शेंकडा २० उतरलें, पण कुटुंबाची पुंजी शेंकडा १०० गेली!

असें कुटुंब खर्चाचा हात आंखडतें. मग दुकानदाराची विक्री घटते, आणि ज्यानें कधीं कर्ज काढलें नाहीं अशा कामगाराचीहि नोकरी जाते. यावर त्यांनीं सुचविलेला उपाय सरळ आहे. त्या भागांतील घरांच्या किंमती उतरल्या तर हप्ताहि उतरावा. मोबदला म्हणून घर नफ्यानें विकल्यास नफ्याचा शेंकडा ५ वांटा धनकोनें घ्यावा.

परवां माझा एक जुना विद्यार्थी घरकर्जाचे कागद दाखवावयास आला. वीस वर्षांचा हप्ता त्यानें बिनचूक काढला होता. मीं विचारलें, “नोकरी सुटून घर विकावें लागलें आणि किंमत उतरलेली असली, तर तुझ्या पदरांत काय उरेल?” तो क्षणभर गप्प राहिला; मग कागद उलटून कोऱ्या बाजूवर हिशेब मांडूं लागला. सही करण्यापूर्वीं आपणहि तो मांडावा, एवढीच विनंति.