जुनी वस्तू घ्यावी ती कोणती?

जुन्या वस्तू जमविण्याचा छंद ज्यास जडतो, त्यास लोक प्रथम विचारतात ते किमतीविषयी. त्याने स्वतःस विचारावयाचा प्रश्न मात्र निराळा आहे : हीच वस्तू का घ्यावयाची?

मला याचे उत्तर फुलंब्रीस मिळाले, आणि तेही अक्कलखाती बरीच रक्कम जमा केल्यावर. छत्रपती संभाजीनगराहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या सडकेवरचे हे तालुक्याचे गाव. तेथे तांब्या-पितळेची मोड घेणाऱ्या एका दुकानात मला एक काळीभोर सुरई दिसली. अंगावर रुपेरी वेलबुट्टी. “बिदरी आहे, साहेब, निजामाच्या अमदानीतली,” दुकानदार म्हणाला. मी मागितले तेवढे पैसे मोजले. घरी येऊन तेलाचा बोळा फिरविला मात्र, बोळा काळा झाला आणि सुरई पिवळी!

खरी बिदरी जस्ताची असते. जस्तात थोडे तांबे मिसळलेले. कारागीर तीवर नक्षी कोरतो, त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितो, आणि अखेर बीदरच्या किल्ल्यातील माती नवसागराबरोबर कालवून तिचा प्रयोग करतो. त्याने धातू काळा पडतो, चांदी उजळच राहते. हा काळेपणा वरून दिलेला रंग नव्हे. तेलाने तो पुसला न जाता अधिकच खुलतो. हे सारे मला पुस्तकावरून ठाऊक होते. परंतु लोभाने मनुष्याचे डोळे झाकले, म्हणजे पुस्तक काय करणार?

त्याच दुकानात तराजूजवळ एक पितळी अधोली पडली होती. ती मी मोडीच्या भावाने, जवळजवळ सहज म्हणून घेतली. ती विकावयास आणणाऱ्या आजीबाई अद्याप पायरीवर बसल्या होत्या. अधोलीचे बूड आत गेलेले पाहून मी विचारले, “आजी, ही पडली होती काय?”

“पडली नाही. सासऱ्यांनी चेपली. खळ्यावर बलुतेदारांना द्यायची ती हिने. घ्यायची अधोली दुसरी होती.”

एवढे सांगून त्या पैसे मोजू लागल्या.

अधोली म्हणजे दोन शेर, दोन अधोल्यांची पायली, हे कोष्टक आपल्या वाडवडिलांनी शाळेत घोकले. शेर मात्र गावोगाव सारखा नसे. आणि येथे तर एकाच घरात दोन प्रकारचा निघाला! १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली, आणि ही मापे हळूहळू माळ्यावर गेली. तेथून ती मोडीत जातात, वितळतात. आजीबाई उठून गेल्या असत्या, तर माझ्या हाती केवळ एक पोचे आलेले पितळ राहिले असते.

पुण्याचे दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला, तो अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या अशा घरगुती वस्तूंचा. राजवाड्यातील रत्ने गोळा करणारे पुष्कळ होते. पाय घासावयाची वज्री कोण जपणार? आज त्यांचा संग्रह पाहावयास दूरदूरचे लोक येतात.

मात्र काही वस्तूंस हात लावू नये. शेतात नांगराला लागलेली नाणी, देवळातून ‘निघालेली’ मूर्ती, ही कितीही स्वस्त मिळो, आपली नव्हे. जमिनीत सापडलेले दहा रुपयांवरील धन कलेक्टरास कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरील पुराणवस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही, आणि जुन्या मूर्तींची नोंद करावी लागते. कायद्याचे भय बाजूस ठेवले तरी, ज्या शेतातून नाणे निघाले ते शेत विसरले गेले की अभ्यासकाच्या दृष्टीने त्या नाण्याचे अर्धे बोलणे बंद होते. पैठण, तेर, भोकरदन अशा सातवाहनकालीन स्थळांच्या आसपास राहणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानी धरावे.

त्या दिवशी रात्री मी आजीबाईंचे शब्द, गाव आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती अधोलीत ठेवली. सुरईही टाकलेली नाही. ती शेजारीच उभी आहे. तिच्या चिठ्ठीवर मी मोजलेली किंमत लिहिली आहे, आणि घरी येणारे पाहुणे प्रथम तीच वाचतात.