नकाशा अंथरण्याआधी



दुपारच्या पंगतीत कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे आहेत, तेव्हा भाषणं आवरती घ्यावीत, सुरुवात माझ्यापासूनच.

गावच्या जमिनीचं नियोजन लोकांना सोबत घेऊन कसं करायचं, यावरची ही परिषद पुण्या-मुंबईऐवजी धाराशिवला का, असं काहींनी विचारलं. त्यांना सास्तूरच्या बाजूला घेऊन जायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली मिळून ५२ गावं नव्या जागी वसली. घराचं माप जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. सरकारनं आणि देणगीदारांनी हात आखडता घेतला नाही, हे कबूल. पण बहुतेक ठिकाणी गाव पट्टीनं आखलं गेलं. सरळ रुंद रस्ते, ओळीनं घरं. भावकी पांगली. बोळाच्या तोंडाशी बसून बायका ज्वारी निवडायच्या, तो बोळच गेला. कडबा कुठं रचायचा, म्हैस कुठं बांधायची? लोकांनी मग घराला पत्र्याचे आडोसे जोडले. खरा नकाशा तो, असं मी म्हणेन.

त्याच काळात शेकडो गावांत घरदुरुस्तीचं कामही झालं, आणि तिथं रीत वेगळी होती. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’नं गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढं आणलं. माळवदावरची माती कमी करा, दगडी भिंतीत आरपार दगड घाला, हे त्या घरोघरी समजावत. घरच्यांचं म्हणणं ऐकूनही घेत. शास्त्र तेच होतं, फरक ऐकून घेण्यात होता.

ऐकून घेण्याचा हाच प्रश्न आज गायरानाच्या बाबतीत आहे. तिथं सौर प्रकल्प येतायत. शेतीला दिवसा वीज हवीच. पण त्याच गटात कुणाची शेरडं चरतात, कुणी भूमिहीन वर्षानुवर्षं कसतोय. सातबारावर यातलं सगळं दिसत नाही. ग्रामसभेत ठराव होतो खरा, पण शेरडंवाली मावशी त्या वेळी रानात असते.

म्हणून दुपारच्या गटचर्चेत गावनकाशे अंथरल्यावर आधी गावकरी बोलतील, त्यातही बायका पहिल्या. अधिकारी साहेबांनी तोवर पेन खिशात ठेवावं, ही यजमान म्हणून माझी विनंती. आता परिषदेच्या अध्यक्षांनी दीपप्रज्वलनासाठी पुढं यावं.