नदीच्या कांठावरील संग्रह

लंडन शहराच्या मधून वाहणाऱ्या टेम्स नदीला समुद्राची भरती-ओहोटी लागते. दिवसांतून दोन वेळां पाणी ओसरतें आणि कांठाशीं चिखलाचा व खड्यांचा पट्टा उघडा पडतो. शहरानें शतकानुशतकें जें जें टाकलें, त्यांतलें पुष्कळसें या पट्ट्यांत येऊन पडलें आहे.

इ. स. १९९९ च्या उन्हाळ्यांत मार्क डायन या अमेरिकन कलावंतानें येथें एक विलक्षण उपक्रम केला. आसपासच्या वस्तींतील तरुण व वृद्ध स्वयंसेवकांसह त्यानें दोन ठिकाणें धुंडाळलीं. एक, मिलबँक येथील टेट कलासंग्रहालयासमोरचा कांठ. दुसरें, ज्या जुन्या वीजगृहांत २००० सालीं टेट मॉडर्न उघडलें, त्यासमोरचा बँकसाइडचा कांठ. पुराणवस्तुसंशोधकांनीं या मंडळींना मार्गदर्शन केलें. वेंचलेल्या वस्तु मिलबँकच्या हिरवळीवरील तंबूंत धुतल्या व निवडल्या जात, आणि येणारेजाणारे लोक तें काम पाहत.

शेवटीं त्या एका मोठ्या लांकडी कपाटांत मांडल्या गेल्या. मातीच्या चिलमी, शिंपले, खापरें, हाडें आणि प्लॅस्टिकचीं खेळणीं, सारीं एकाच पंगतीला! काळ सांगणारी चिठ्ठी कशालाहि नाहीं.

हें पाहून शास्त्रज्ञ अस्वस्थ झाला, तर त्यांत नवल नाहीं. खालचा थर आधींचा, वरचा मागाहूनचा, या नियमावर त्याचें शास्त्र उभें आहे. वस्तु कोठें व किती खोल सांपडली याची नोंद हरवली, कीं तिची अर्धी साक्ष बुडाली. परंतु या कांठावर भरती-ओहोटीनेंच पृष्ठभागावरील थरांची सरमिसळ केलेली असते. तीनशें वर्षांपूर्वींची चिलीम आणि परवांचें खेळणें तेथें शेजारीं शेजारीं पडतात. कलावंतानें कपाटांत तो शेजार तसाच राहूं दिला.

शास्त्रज्ञ विचारतो, ही वस्तु किती जुनी? कलावंत विचारतो, जतन करण्याजोगें काय, हें ठरविलें कोणीं? पहिल्या प्रश्नावांचून हें कपाट म्हणजे नुसती अडगळ झाली असती. दुसऱ्यावांचून खेळणें पुन्हां चिखलांत गेलें असतें. चिलीमहि एके काळीं ओढून फेंकून दिलेली स्वस्त वस्तुच होती. जिनें ती ओढली वा ज्यानें ती फेंकली, त्याचें नांव कोठल्याहि शिलालेखावर नाहीं. त्याच्या आयुष्याचा हा तुकडा मात्र उरला.

तें कपाट आज टेटच्या संग्रहांत आहे. चिठ्ठी नसल्यामुळें, कोणत्या वस्तूपुढें अधिक वेळ थांबावें, हा निवाडा पाहणाऱ्यालाच करावा लागतो.