दाखल-खारीजमधली माणसं

(रेडिओवरील भाषण)

भाऊबीज झाली की ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी या आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. कुठे धान कापणीला आलेला असतो, कुठे कापून बांधीत पडलेला असतो, आणि रात्री नाटक असतं. पुण्याच्या कंपनीत असलेला, नागपूरच्या बँकेत असलेला, हैदराबादला बांधकामावर गेलेला, सगळे गावी आलेले असतात. म्हणून आमच्याकडच्या शाळांना माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घ्यायला हेच आठ-पंधरा दिवस बरे पडतात. मे महिन्यात ठेवून पाहा. तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. घरातलं लहानमोठं माणूस अंधार असतानाच जंगलात गेलेलं असतं, दुपारी येऊन पुडे बांधत बसतं. जुलैत ठेवला तर रोवणी. पुण्या-मुंबईचे लोक पंधरा ऑगस्टची जोडून सुट्टी सुचवतात, तेव्हा इथे पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी जाऊन भामरागडचा रस्ता बंद पडलेला असू शकतो.

मेळावा कसा होतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. आधी कोणीतरी व्हॉट्सॲपवर ‘दहावी ब’ नावाचा ग्रुप काढतो. पहिले दोन महिने शुभ सकाळ, मग एखाद्याच्या निधनाची बातमी, आणि त्या बातमीनंतर सगळ्यांना एकदम भेटावंसं वाटू लागतं. मंडप, बिल्ले, तर्री-पोहे, जुन्या गुरुजींना शाल-श्रीफळ. गुरुजी हजेरी घेतात, पन्नाशीची माणसं ‘हजर’ म्हणतात, हशा होतो. मग शाळेला काहीतरी द्यायचं म्हणून पंखे दिले जातात. वॉटर कूलर दिला जातो. पैसे जास्त जमले तर प्रवेशद्वार. एका शाळेत प्रत्येक पंख्याच्या पात्यांवर बॅचचं साल रंगवलेलं मी पाहिलं. पंखा सुरू झाला की ते वाचता येत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

मी थट्टा करतो आहे, पण पंख्याला माझा विरोध नाही. चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने वर्गात काढला त्याला पंख्याची किंमत कळते.

महाविद्यालयांचं जरा निराळं आहे. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असतात. त्यामुळे समिती यायच्या आदल्या वर्षी धावपळ होते, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली माजी विद्यार्थी संघाची नोंदणी होते, इतिवृत्ताची वही तयार होते. समिती गेली की ती वही कपाटात जाते. सगळीकडेच असं आहे असं नाही, पण फार ठिकाणी आहे.

आणि शाळा म्हटली की नामवंतांची पाटी आलीच. चंद्रपूरच्या लोकमान्य टिळक विद्यालयात सरसंघचालक मोहन भागवत शिकले. चंद्रपूरचे, म्हणजे तेव्हाच्या चांद्याचे, मारोतराव कन्नमवार १९६२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा चांद्याच्या किती घरांत ‘आपला माणूस’ असं म्हटलं गेलं असेल. अशी नावं पाटीवर शोभतात. पण अशा माणसांना त्यांच्या शाळेचा संघ चालवायला वेळ कुठून मिळणार? संघ ज्यांच्या जिवावर चालतो ती माणसं पाटीवर नसतात.

आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत माजी विद्यार्थ्यांनी काय करून दाखवलं असं कोणी विचारलं, तर मी भामरागडजवळच्या हेमलकशाचं नाव घेईन. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमटे यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे दवाखाना पाहू लागले, आणि १९७६ मध्ये आश्रमशाळा उघडली. पुस्तक मराठी आणि मूल माडिया बोलणारं. आईबापांना शाळा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. गुरं राखणारं पोर तिथे नेऊन बसवायचं कशाला, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. मुलं पळून जात. जंगलातून चालत, नाले ओलांडत आपल्या गावी पोचत. शिक्षक मागून जात आणि समजूत घालून परत आणत. समजूत घालायची तर माडिया यायला हवी, म्हणून शिक्षकच आधी विद्यार्थी झाले. प्रकाश आणि मंदाकिनी यांची मुलं, दिगंत आणि अनिकेत, याच वर्गांत याच मुलांबरोबर बसली. दिगंत डॉक्टर होऊन तिथल्याच दवाखान्यात आले, अनिकेत अभियंता होऊन तिथलीच व्यवस्था पाहू लागले. तेव्हा तेही या शाळेचे माजी विद्यार्थीच.

त्या शाळेतून डॉ. कन्ना मडावी निघाले, माडिया समाजातले पहिले डॉक्टर. ॲड. लालसू नोगोटी निघाले, समाजातले पहिले वकील. वकील झालेला मुलगा शहरात राहील असं सगळ्यांना वाटलं असेल. ते भामरागड तालुक्यात परतले, ग्रामसभांबरोबर काम करू लागले, आणि २०१७ च्या निवडणुकीत त्याच ग्रामसभांच्या पाठिंब्यावर जिल्हा परिषदेत निवडून गेले.

ही दोन नावं वर्तमानपत्रांत येऊन गेली आहेत. मला त्यांच्या खालची, न छापलेली नावं जास्त मोलाची वाटतात. शिक्षक, परिचारिका, वनरक्षक, अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई. हेमलकशाच्या दवाखान्यात आणि शाळेत काम करणाऱ्यांतही तिथेच शिकलेली माणसं आहेत. छत्तीसगडच्या हद्दीपलीकडून चालत आलेली बाई ओट्यावर बसते. तिला कुठे दुखतं, केव्हापासून दुखतं, हे तिच्याच बोलीत विचारणारी मुलगी समोर असली की दुभाष्या लागत नाही. बाई खालच्या आवाजात, जे पुरुष दुभाष्याला कधी सांगितलं नसतं ते सांगून जाते. हा माजी विद्यार्थी संघाचा कार्यक्रम म्हणून कुठल्याही पत्रिकेत छापला जाणार नाही. पण शाळेला माजी विद्यार्थ्याने काय परत दिलं, याचं याहून चोख उत्तर मला माहीत नाही. पुढे २०१५ मध्ये नेलगुंड्याला साधना विद्यालय सुरू झालं, म्हणजे शाळा आणखी आत, मुलांच्या गावापर्यंत गेली.

एक गोष्ट लक्षात येते. जी मुलं एकत्र राहिली, ताटली घेऊन एका रांगेत उभी राहिली, त्यांचे संघ टिकतात. तळोधी-बाळापूरचं आणि घोटचं जवाहर नवोदय विद्यालय घ्या. सहावीपासून बारावीपर्यंत वसतिगृह, त्यात नववीला काही मुलं वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये जातात. एवढं सोबत काढल्यावर पुढे कोणाला रात्री दोनला रक्त लागलं तर फोन कोणाला करायचा हा प्रश्न उरत नाही. दिवसभर भरून सायंकाळी सुटणाऱ्या शाळेत एवढं घट्ट होत नाही.

मग सरकारी आश्रमशाळांतही मुलं एकत्रच राहतात, तिथे संघ का नाहीत? २०१८ च्या मे महिन्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांच्या पाच मुलामुलींनी ‘मिशन शौर्य’मधून एव्हरेस्ट गाठलं. राजुरा-जिवतीकडच्या पहाडावर वाढलेली मुलं ती. तेव्हा सत्कार झाले, फोटो छापले गेले. ती मुलंही आता माजी विद्यार्थी झाली. त्यांना वर्षातून एकदा शाळेत बोलावून सहावीच्या पोरांसमोर बसवायचं, पहाडी चढताना श्वास कसा धरायचा ते सांगायला लावायचं, यासाठी ठरावही लागत नाही. पण मुख्याध्यापकांची बदली होते, अधीक्षकांची बदली होते, आणि कोण कुठे आहे हे माहीत असलेला माणूस शाळेत राहत नाही. बदली होत नाही ती रजिस्टरची.

दाखल-खारीज रजिस्टर. लाल कापडी पाठीचं, कोपरे फाटलेलं, वरून खाकी कागद चिकटवलेलं. ते उघडा. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मतारीख, कोणत्या वर्गात दाखल, शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचं कारण. या शेवटच्या रकान्यात पानामागून पान वाचत जा. ‘पुढील शिक्षणासाठी’, ‘पालकांची बदली’, आणि मग सारखं सारखं येणारं ‘सतत गैरहजर’. अक्षर वळणदार, शाई निळी. मूल गैरहजर का होतं ते लिहायला रकान्यात जागा नाही. धाकटं भावंड सांभाळायचं होतं, मोहफुलं वेचायची होती, नववीसाठी ज्या गावी जायचं तिथली गाडी चार महिने येत नव्हती. मुलींसाठी मानव विकासची निळी बस सुरू झाल्यापासून पुष्कळ मुली बारावीपर्यंत पोचल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जिथे ती बस वळत नाही तिथलं चित्र अजून तेच आहे.

हेच रजिस्टर पुढे केव्हा कामी येतं ते सांगतो. जात पडताळणीच्या वेळी. अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेले असतील तर दाखल-खारीजची एक ओळ पुरते. त्या काळी दुसरीतून शाळा सोडलेला तो मुलगा आज नातवाच्या मेडिकलच्या प्रवेशाला उभा राहतो. पण माडिया, कोलाम घरांत आजोबा शाळेत गेलेलेच नसतात. तिथे घरातल्या ज्या पहिल्या मुलाला वैधता प्रमाणपत्र मिळालं, त्याच्या कागदावर पुढे चुलत भावंडांचं काम सोपं होतं. तो कागद कोणाकडे आहे, तो माणूस आता कुठे राहतो, झेरॉक्स देईल का, हे सांगणारं कोणीतरी लागतं. माजी विद्यार्थी संघाने पंख्याच्या आधी हे काम हाती घ्यावं असं माझं मत आहे.

आता त्या ‘सतत गैरहजर’वाल्यांकडे या. मेळाव्याचं आमंत्रण त्यांना जात नाही. कारण यादी दहावीच्या निकालावरून केलेली असते. जो दहावीपर्यंत पोचलाच नाही तो बॅचमध्ये नाही. पण गावात राहिलेला कोण आहे? तोच. धानोऱ्याकडच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ ला तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक मिळालं. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा स्वतः बांबू आणि तेंदू विकू लागल्या. लिलाव, करार, पुड्यांची मोजणी, मजुरी, बोनस, बँकेचं खातं. हे सगळं कोणीतरी लिहितं. गावात गेलात तर पुष्कळदा कळतं की हिशोबाची वही आठवी-नववीत शाळा सोडलेल्या माणसाच्या हातात आहे. लाखांचे आकडे त्याच्या अक्षरात आहेत. त्याला भेटल्यावर तो जरा ओशाळून म्हणतो, “मी पण तुमच्याच शाळेचा जी, पण पुरा नाही शिकलो.” शाळेचा याच्याइतका उपयोग कोणी केला आहे? पाढे, शुद्धलेखन, बेरीज, सगळं शाळेचंच आहे.

दुसरं टोक नागपूरचं. जूनमध्ये बारावी झालेला एटापल्लीचा मुलगा गणेशपेठच्या बसस्थानकावर उतरतो. पत्र्याची पेटी, एक प्लास्टिकची थैली, मोबाइलमध्ये बॅलन्स नाही. आदिवासी वसतिगृहाचा अर्ज, नंबर लागला नाही तर स्वयम योजनेचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, त्यासाठी आधारला जोडलेलं खातं, उत्पन्नाचा दाखला. एक कागद राहिला की परत तहसीलला, म्हणजे जाऊन-येऊन दोन दिवस आणि भाड्याचे पैसे. पुष्कळ मुलं याच फेऱ्यांत कंटाळून घरी बसतात. अभ्यासात नापास होऊन बसणारी त्या मानाने कमी. या मुलाला घ्यायला त्याच्याच शाळेचा, दोन वर्षं पुढचा एक मुलगा स्थानकावर आला, रात्री खोलीवर झोपायला जागा दिली, सकाळी सोबत कार्यालयात उभा राहिला, एवढ्याने वर्ष वाचतं. हे काम काही मुलं आजही करतात. त्यांच्याकडे लेटरहेड नाही, अध्यक्ष नाही, सचिव नाही. आपला नोंदणीकृत संघ त्यांच्या भाड्याचे आणि रिचार्जचे पैसे देऊ शकतो. प्रवेशद्वाराच्या एका खांबाच्या खर्चात अशी कितीतरी मुलं कॉलेजपर्यंत पोचतील.

येत्या मंडईला ज्यांच्या शाळेत मेळावा आहे त्यांना एवढंच सांगतो. यादी निकालावरून करू नका, दाखल-खारीजवरून करा. मुख्याध्यापकांना रीतसर पत्र द्या, रजिस्टर शाळेतच बसून पाहा, बाहेर नेऊ नका. ज्याच्यापुढे ‘सतत गैरहजर’ लिहिलं आहे त्याच्या घरी निरोप पाठवायला पत्ता शोधावा लागणार नाही, तो बहुतेक गावातच असतो. आणि नोंदणीची वर्गणी पाचशे रुपये ठेवू नका. धान नुकता खरेदी केंद्रावर गेलेला असतो किंवा जायचाच असतो, त्याचे पैसे मंडईपर्यंत कोणाच्या खात्यात आलेले नसतात.