आडनाव न विचारणारी बैठक



दारू आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे आणि होस्टेलवर तिचं नावही आपण काढत नाही. कारण उघड आहे. सवर्ण वर्गमित्राचे वडील पितात तेव्हा त्यांना 'प्रॉब्लेम' असतो. आपले वडील पितात तेव्हा 'ही माणसं अशीच' असं ऐकायला मिळतं. म्हणून आपण गप्प बसतो, आणि त्याची किंमत गावाकडे आई आणि धाकटी भावंडं मोजतात. आज मी मदतगटांबद्दल बोलणार आहे: ते काय असतात, कसे शोधायचे आणि तिथे आपल्याला काय खटकू शकतं.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेलं सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. दारूवर अवलंबून झालेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला कुठल्यातरी प्रकारचा उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांची घरं आपल्याला ठाऊक आहेत.

माझे वडील सफाई कामगार होते. त्यांच्या परवानगीने, शहर आणि गट न सांगता बोलते. वास सहन व्हावा म्हणून गटारात उतरण्याआधी घेतलेला घोट पुढे शरीराची गरज झाला. नातेवाईक त्यांना बावीस प्रतिज्ञांची आठवण द्यायचे. दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ होती. पण शरीर अवलंबून झालं की नुसता निश्चय पुरत नाही. एक गोष्ट लिहूनच घ्या: रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग गट.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं आणि १९५७ पासून भारतात आहे. सदस्य होण्यासाठी एकच अट: दारू सोडण्याची इच्छा. फी नाही. सभासद स्वेच्छेने जे देतात त्यावर खोलीचं भाडं आणि चहा भागतो. बाहेरचा पैसा घेत नाहीत. एकेक जण आपला अनुभव सांगतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. हिशेब फक्त आजच्या दिवसाचा. २०२० सालच्या कॉक्रेन आढाव्यानुसार, माणसाला ए.ए.शी नीट जोडून देणारे उपचार दारूपासून पूर्ण दूर ठेवण्यात इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या तोडीचे किंवा सरस ठरतात.

तिथे फक्त पहिलं नाव सांगतात. वडिलांना आडनाव न विचारता खुर्ची देणारी ती पहिली जागा होती. अर्थात जात दाराबाहेर राहते असं नाही. सभा संपल्यावर चहा घेताना कुणीतरी 'राहता कुठे?' विचारतं, आणि वस्तीचं नाव आडनावाचं काम करतं. आम्हाला सापडलेल्या पहिल्या गटात सगळे इंग्रजीत बोलायचे. वडील तीन आठवडे गप्प बसले. दुसरा गट मराठी-हिंदी बोलणाऱ्या रिक्षावाल्यांचा, हमालांचा निघाला. तिथे ते बोलले. एक गट जमला नाही म्हणून सोडू नका, दुसरा बघा.

दुसरी अडचण देवाची. बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, सभेत प्रार्थना होते. बौद्ध घरातल्या माणसाला हे टोचणारच. वडील प्रार्थनेच्या वेळी शांत उभे राहतात. आपल्यापेक्षा मोठी शक्ती प्रत्येकाने आपापल्या समजुतीने ठरवायची असते. त्यांनी समोर बसलेल्या माणसांनाच तिथे ठेवलं, संघ म्हणून.

आपल्या बायकांनी दारूशी मोठ्या लढाया दिल्या आहेत. १९९२ साली आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंटा गावातून सुरू झालेल्या आंदोलनाने पुढच्याच वर्षी राज्यात देशी दारूवर, अरकवर, बंदी आणायला लावली. ती लढाई हवीच. पण दुकान बंद झाल्यावरही सकाळी ज्याचे हात थरथरतात, त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था लागते.

स्कॉलरशिपचा फॉर्म शोधताना आपण लाजत नाही, दहा ठिकाणी विचारतो. तसंच हे शोधा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळावर गटांची माहिती मिळते. खुल्या सभेला घरच्यांनाही बसता येतं. आधी फोन करून सभा खुली आहे का, भाषा कोणती, एवढं विचारा. आणि घरचा माणूस यायला तयार नसेल तर तुम्ही जा. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट असतात. तिथे माझी आई पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलली. ती वडिलांच्या आधी चार महिने जात होती.

सत्र संपल्यावर मी इथेच थांबणार आहे. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही, त्यांनी तेव्हा या. नाव सांगायची गरज नाही.

जय भीम.