चाकावरची झाकणे

आजचा प्रश्न लहानसाच आहे. जुन्या मोटारीच्या चाकांवर जाहिरातीची फुकट मिळालेली झाकणे बसवावीत की बसवू नयेत?

मालवणला आमच्या घरी वडिलांनी घेतलेली एक प्रीमियर पद्मिनी आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. १९६४ साली ती फियाट अकराशे डिलाइट या नावाने रस्त्यावर आली आणि १९७४ साली पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तेव्हापासून आमच्या गाडीकडे लोक अधिकच कौतुकाने पाहू लागले, आणि तिला थोडे नटवावे असा मोह मलाही झाला.

अशा वेळी माझा एक जुना विद्यार्थी चार झाकणे घेऊन आला. त्याचे मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान आहे. झाकणे प्लास्टिकची, रुपेरी. मध्यभागी एका तेलाचे ठसठशीत नाव. ‘गुरुजी, फुकट गावलेत, लावून टाकूया!’ शिष्याचे प्रेम मोडवेना. झाकणे बसली.

पुढे भाद्रपदात कोल्हापुराहून परतताना फोंडाघाट उतरत असता गाडी डावीकडे ओढू लागली. सोबत पत्नी, वर पाऊस, आणि अंधार पडत आलेला. उतरून पाहतो तो पुढच्या डाव्या चाकातील हवा निम्मी गेलेली! झाकण काढताच कारण दिसले. त्याची कड हवा भरण्याच्या वॉल्व्हच्या रबरी देठाला सारा पावसाळाभर घासत होती. घरी येऊन उरलेली तीन काढली. झाकण धरून ठेवणाऱ्या तारेने चाकांचा रंग खरवडला होता आणि तेथे तांबूस गंज धरला होता.

मालवणचा वारा खारा. उघडे चाक पावसाने धुतले जाते आणि वाऱ्याने वाळते. झाकणामागे मात्र ओल कोंडून राहते. शिवाय या गाडीचे चारही ब्रेक ड्रमचे. उतारावर ते तापतात आणि चाकाभोवती खेळणारा वाराच त्यांना निववितो. मूळची पोलादी टोपी मध्यापुरतीच असते. ती ही वाट अडवीत नाही.

झाकणे मुळातच वाईट, असे माझे म्हणणे नाही. गाडीच्या मापाने घडविलेले झाकण खुशाल बसवावे. मात्र ते वरचेवर काढून आत पाहावे. परंतु जे जाहिरातीसाठी वाटले जाते, ते जाहिरातीच्या सोयीने बनविलेले असते. आपल्या चाकाचे माप कोणी घेतलेले नसते. फुकट वस्तूची किंमत त्या संध्याकाळी घाटात मला कळली.

हे सारे शिष्याला कसे सांगावे, याचा संकोच होता. अखेर त्याला चाकच दाखविले. तो क्षणभर गप्प राहिला. मग स्वतःच नवी ट्यूब बसवून गेला. झाकणे आता त्याच्या दुकानाच्या भिंतीवर टांगलेली आहेत, आणि तेथे ती खरोखर शोभतात.