ताटातले ८ रुपये

आमचा बचतगट अंगणवाडीचा आहार शिजवतो. २०१७ साली केंद्राने एका मुलामागे दिवसाला ८ रुपये ठरवले. त्यानंतर तेल-डाळीचे भाव कुठल्या कुठे गेले, ते आपल्याला ठाऊकच आहे.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणाला सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी आहेत, अंगणवाडी आणि पोषणाला सुमारे २२ हजार कोटी. म्हणजे तिकडे ३१ रुपये, तेव्हा इकडे १.

सीमेवर आपलीच पोरं आहेत. त्यांच्या पगार-पेन्शनला आमची ना नाही. पण उद्याचा जवान आज अंगणवाडीतच जेवतो. शस्त्रांना पैसा मिळतो, मग ताटाला का नाही? येत्या ग्रामसभेत आहाराचा दर वाढवण्याचा ठराव आपण सगळ्याजणी मिळून मांडूया.